पुण्यातील नेटवर्क, सर्व्हर व क्लाउड प्रशिक्षण : सात महिने, ७६,७०० रुपये आणि एक रॅक

जून ते डिसेंबर २०२४ या सात महिन्यांत मी पुण्याच्या शिवाजीनगर भागातील एका खासगी क्लासमध्ये नेटवर्क, सर्व्हर आणि क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने घेतलेले संगणक) यांच्या प्रशासनाचा एकत्रित अभ्यासक्रम पूर्ण केला. क्लासचे नाव येथे देत नाही. याच आखणीचे, जवळपास याच शुल्काचे आणि चौकशीत कळले त्यावरून याच गुणदोषांचे क्लास त्या परिसरात हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी आत काय पाहावे, एवढ्यापुरता हा अनुभव इतरांच्या उपयोगी पडावा. त्याआधी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन मी चार वर्षे सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात काम करत होते. गळीत हंगामात वजनकाट्यावरचा संगणक बंद पडला की उसाच्या गाड्या फाट्यापर्यंत तुंबतात आणि सगळे फोन एकाच टेबलावर येतात, हे मला ठाऊक होते. केबल क्रिम्प करता येत होती, विंडोज नव्याने टाकता येत होते; मात्र संगणक एकमेकांना जोडणाऱ्या स्विचच्या आत काय चालते, हे चार वर्षांत एकदाही पाहायला मिळाले नव्हते.

शुल्क ६५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ७६,७०० रुपये, तीन हप्त्यांत. माहितीपत्रकावर ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रांसह’ असे ठळक अक्षरांत छापले होते, त्याचा खरा अर्थ पहिला हप्ता भरल्यावर कळला : प्रमाणपत्रांच्या परीक्षांची तयारी करून घेतली जाते, परीक्षेचे पैसे ज्याचे त्याने भरायचे. सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीच्या सीसीएनए या एकाच परीक्षेचे शुल्क ३०० डॉलर आहे आणि कर धरून ते तीस हजार रुपयांच्या आसपास जाते, तेव्हा घरून पैसे घेऊन येणाऱ्या मुलांना हा आकडा पहिल्याच दिवशी सांगायला हवा. त्याच पत्रकावर एमसीएसए हेही नाव होते. मायक्रोसॉफ्टने एमसीएसए आणि एमसीएसई ही दोन्ही प्रमाणपत्रे ३१ जानेवारी २०२१ रोजी कायमची बंद केली असून कामाच्या भूमिकेनुसार आखलेल्या नव्या परीक्षा, उदाहरणार्थ अझूर या तिच्या क्लाउड सेवेच्या प्रशासकासाठीची एझेड-१०४, त्यांच्या जागी आल्या आहेत. हे काउन्सेलरच्या लक्षात आणून दिले, तेव्हा ‘मॅडम, पालकांना तेच नाव माहीत असतं’ असे उत्तर मिळाले. उत्तर प्रामाणिक होते, एवढे मान्य करते.

शनिवार-रविवार सकाळी आठ ते एक शिकवणी आणि इतर दिवशी दुपारी चार ते आठ लॅब खुली, अशी व्यवस्था होती. बॅचमध्ये चोवीस जण आणि लॅबमध्ये एकच रॅक (उपकरणे बसवण्याची उभी चौकट), त्यात दोन राउटर, तीन स्विच आणि केबली जोडण्याचे एक पॅच पॅनेल. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाण्याची जुनी रीत आहे आणि लॅबचा यूपीएस वीस मिनिटांत मान टाकत असे, त्यामुळे गुरुवार धरू नये. रॅक रिकामा नसेल त्या वेळी सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कची नक्कल करणारे, फुकट मिळणारे सॉफ्टवेअर वापरायला सांगत. ते चांगले आहे, पण त्यात केबल कधी सैल होत नाही.

या अभ्यासक्रमातला सर्वांत भक्कम भाग नेटवर्किंगचा होता आणि त्याचे श्रेय पूर्णपणे शिकवणाऱ्या सरांना आहे. पंधरा-सोळा वर्षे प्रत्यक्ष नेटवर्क सांभाळून शिकवण्याकडे वळलेले हे गृहस्थ हिंदी-इंग्रजीत धडा सांगत आणि समजले नाही असे चेहऱ्यावर दिसले की सरळ मराठीत येत. सबनेटिंग, म्हणजे एका जाळ्याचे लहान हिस्से पाडणे, हा बहुतेकांचा नावडता विषय. तो त्यांनी सातबाऱ्यावरून शिकवला. एक गट नंबर घ्या, त्याचे पोटहिस्से पाडा, प्रत्येक पोटहिस्स्याला बांध लागतो आणि बांधाखाली जमीन जातेच. १९२.१६८.१०.० या २५६ पत्त्यांच्या जाळ्याचे /२६ प्रमाणे चार हिस्से केले तर प्रत्येकात ६४ पत्ते येतात, त्यातला पहिला जाळ्याचे नाव म्हणून आणि शेवटचा ब्रॉडकास्टसाठी (सर्वांना एकदम द्यायच्या हाकेसाठी) राखीव राहतो, म्हणजे दोन्ही बाजूंचे बांध वजा जाता ६२ पत्ते यंत्रांना वाटता येतात. आमच्यातल्या निम्म्यांच्या घरी वाटण्या झालेल्या किंवा अडलेल्या होत्या, त्यामुळे त्या दिवसानंतर कोणी सबनेटिंगला घाबरले नाही.

ऑगस्टमधल्या एका रविवारचे सविस्तर सांगते, कारण माझ्या मते शुल्कातले निम्मे पैसे त्या एका सकाळी वसूल झाले. सरांनी आम्हा सहा जणांना चहाला पाठवले आणि परत आलो तेव्हा रॅकमध्ये तीन बिघाड करून ठेवले होते. चार व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी जाळी) होती, १०, २०, ३० आणि ४०. वरच्या स्विचवरच्या संगणकांना १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते दिसत होते, म्हणजे डीएचसीपीकडून (पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ता न मिळाल्याने विंडोजने स्वतःच एक पत्ता घेतला होता. आम्ही सर्वांनी आधी केबलवर संशय घेतला, चार पॅच कॉर्ड बदलल्या, दोन नव्याने क्रिम्प केल्या आणि चाळीस मिनिटे वाया घालवली. सर मागे खुर्चीत बसून एकच प्रश्न विचारत होते : ‘शेवटचा बदल काय झाला?’ अखेर एकाने स्विचला थेट जोडणारी कन्सोल केबल लावून ट्रंक पोर्टची (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या जोडणीची) स्थिती पाहिली, तर त्या पोर्टवरून फक्त ४० क्रमांकाचे व्हीलॅन जात होते. सिस्कोच्या स्विचवर ट्रंकच्या यादीत नवे व्हीलॅन घालताना आज्ञेत ‘ॲड’ हा शब्द लिहावा लागतो. तो राहिला तर स्विच आधीची सगळी यादी पुसून केवळ नवा क्रमांक ठेवतो आणि चूक झाली असे सांगतही नाही. हीच चूक कार्यालयात बसून दूरच्या शाखेच्या स्विचवर केली तर आपण ज्या वाटेने आत शिरलो ती वाटही बंद होते आणि गाडी काढून जावे लागते.

यादी दुरुस्त झाली तरी पत्ते मिळेनात. मग एका संगणकाला हाताने पत्ता दिला, तेव्हा गेटवेला (जाळ्याबाहेर नेणाऱ्या राउटरला) पिंग लागले, चाचणीच्या हाकेला उत्तर आले. म्हणजे रस्ता मोकळा होता, पण पत्ता मागणारी हाक पलीकडे पोहोचत नव्हती. डीएचसीपीची ती पहिली हाक ब्रॉडकास्ट असते आणि राउटर ब्रॉडकास्ट ओलांडू देत नाही. सर्व्हर दुसऱ्या जाळ्यात असेल तर राउटरच्या त्या इंटरफेसवर हेल्पर ॲड्रेस (त्या सर्व्हरचा पत्ता) लिहून ठेवावा लागतो, आणि सरांनी तीच ओळ काढून टाकली होती. तिसरा बिघाड किरकोळ होता : एका संगणकाचा गेटवे .१ ऐवजी .२५४ लिहिलेला होता, म्हणून तो शेजाऱ्यांशी बोलत होता आणि वेशीबाहेर जात नव्हता. एकूण दोन तास चाळीस मिनिटे लागली. आज मी ज्या ठिकाणी काम करते तेथे अशी तक्रार आली तर पहिल्या दहा मिनिटांत या तिन्ही जागा तपासून होतात.

लिनक्सचा भाग सप्टेंबरमध्ये सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. लॅबमधल्या सर्व आभासी यंत्रांवर (एका संगणकात चालणाऱ्या नकली संगणकांवर) सेंटओएस ७ ही लिनक्सची आवृत्ती होती, जिचा आधार, म्हणजे दुरुस्त्या मिळणे, ३० जून २०२४ रोजी संपला होता. यम या आज्ञेने कोणतेही पॅकेज (सॉफ्टवेअर) टाकायला गेले की मिररलिस्टच्या (डाउनलोडचे पत्ते देणाऱ्या) सर्व्हरचे नाव सापडत नाही, असा संदेश येई. लॅब सहायकाने ‘नेट गेलंय’ असे सांगून हात झटकले. परंतु नेटवर्किंग नुकतेच शिकून झालेल्या बॅचला हे पटणे शक्य नव्हते, इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग लागत होते, इतर सगळी नावे सापडत होती, फक्त ते एक नाव कुठेच नव्हते, कारण आधार संपल्यावर तो सर्व्हरच काढून टाकण्यात आला होता. रेपोच्या (पॅकेजच्या साठ्याच्या) फाइलमधील मिररलिस्टची ओळ बंद करून पत्ता जुन्या आवृत्त्यांच्या व्हॉल्टकडे वळवल्यावर काम चालू झाले. सरांनी पुढच्या आठवड्यात सगळी यंत्रे रॉकी लिनक्स ९ वर आणली, ही चांगली गोष्ट. परंतु हा बदल त्या वर्षीच्या जानेवारीत व्हायला हवा होता. सेंटओएस ८ तर ३१ डिसेंबर २०२१ लाच थांबवले गेले होते, तेव्हा वारे कोणत्या दिशेने वाहत आहे हे दोन वर्षे आधीच कळले होते.

त्यानंतरचे सहा आठवडे मात्र नेटके गेले. परवानग्या, एलव्हीएम (डिस्कच्या वाटण्या), सिस्टमडी (सेवा चालू-बंद करणे), फायरवॉल आणि एसईलिनक्स (सुरक्षेचे कडक नियम) हे सर्व हाताने करून घेतले. रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए ही परीक्षा पर्यायांवर खुणा करण्याची नसून तीन तास प्रत्यक्ष यंत्रावर काम करण्याची आहे, ३०० पैकी २१० गुण लागतात आणि केलेले काम यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर टिकले तरच धरले जाते. म्हणून सर दर शनिवारी शेवटच्या पंधरा मिनिटांत सर्वांना यंत्र रीबूट करायला लावत. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या, त्या यादीत) एका अक्षराची चूक करून माझे यंत्र तीन वेळा इमर्जन्सी मोडमध्ये अडकले. चौथ्या वेळेपासून रीबूटच्या आधी ती यादी तपासणारी ‘माउंट -ए’ ही आज्ञा चालवून पाहण्याची सवय लागली ती आजतागायत आहे. याच भागात रूट (सर्वाधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड विसरल्यास बूटच्या वेळी मध्येच थांबवून तो कसा बदलायचा, हेही शिकवले. सर्व्हर रूमला कुलूप का हवे, हे त्यावरून वेगळे सांगावे लागले नाही.

विंडोज सर्व्हरविषयी थोडक्यात लिहिते. ॲक्टिव्ह डिरेक्टरी (कर्मचाऱ्यांची खाती), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणे), ग्रुप पॉलिसी (सर्व यंत्रांना एकत्र नियम) हे २०१९ च्या आवृत्तीवर शिकवले; त्याने फारसे बिघडत नाही, कारण या गोष्टींचा गाभा बदललेला नाही. शिकवणारे दुसरे सर स्लाइड वाचत. अपवाद एका दिवसाचा. शुक्रवार, १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ती संख्या ८५ लाख होती आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास प्रवाशांच्या हाती आले. दुसऱ्या दिवशी नेटवर्किंगच्या सरांनी तो तास मागून घेतला, आभासी यंत्रे सेफ मोडमध्ये नेऊन ड्रायव्हरच्या फोल्डरमधली ठरावीक फाइल काढण्याचा सराव करून घेतला आणि ज्या यंत्राची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे तिथे ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी नसेल तर हा सोपा उपायही कसा अडतो, ते दाखवले. अशा रिकव्हरी की कुठे ठेवल्या आहेत, याची वही आमच्या कारखान्यात नव्हती. त्याच संध्याकाळी मी जुन्या सहकाऱ्याला फोन केला.

आता क्लाउड. माहितीपत्रकात या भागाला सर्वांत मोठी जागा होती आणि प्रत्यक्षात तो सर्वांत पोकळ निघाला. चोवीस जणांना मिळून क्लासचे एकच खाते होते आणि शिक्षक प्रोजेक्टरवर बटणे दाबत असताना आम्ही बघत होतो. ॲमेझॉनच्या क्लाउडचे मुंबई क्षेत्र २०१६ पासून आणि मायक्रोसॉफ्टचे पुण्यातले त्याच्याही एक वर्ष आधीपासून चालू आहे. एवढे सगळे दाराशी असताना विद्यार्थ्याने स्वतः एक व्हीपीसी (क्लाउडमधले आपले खासगी जाळे) उभारू नये, हे अनाकलनीय आहे. शेवटी मी स्वतःच्या कार्डावर एका क्लाउड सेवेत खाते उघडले, घरी सराव केला आणि एक नॅट गेटवे (त्या जाळ्यातून इंटरनेटकडे जाण्याची वाट) बंद करायचा विसरले. ती वस्तू वापरा अथवा वापरू नका, तासावर पैसे घेते. आठवड्याने साडेनऊशे रुपयांचे बिल आले. चूक माझीच, तरी क्लाउडच्या पहिल्या तासाला खर्चाची मर्यादा आणि सूचना लावून घेणे, हा पहिला धडा असायला हवा होता आणि संपूर्ण दोन महिन्यांत ‘बिलिंग’ हा शब्द एकदाही फळ्यावर आला नाही.

ज्ञानातली उणीवही जाचली. ॲमेझॉनच्या जाळ्यात प्रत्येक सबनेटमधले दोन नव्हे, पाच पत्ते राखीव असतात. /२६ मध्ये ६२ ऐवजी ५९ आणि १६ पत्त्यांच्या /२८ मध्ये १४ ऐवजी ११ उरतात. क्लाउडच्या शिक्षकांनी ६२ सांगितले आणि सराव परीक्षेत आमच्यापैकी बहुतेकांचे ते उत्तर चुकले. नेटवर्किंगच्या सरांना विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, ‘तिथं बांध रुंद असतो.’ आयएएमच्या (क्लाउडमध्ये कोणाला काय करता येईल त्याच्या) परवानग्या घाईत उरकल्या, टेराफॉर्म आणि ॲन्सिबल या कामे आपोआप करणाऱ्या साधनांची फक्त ओळख झाली, अनेक यंत्रांवर ॲप्लिकेशन चालवणारे कुबरनेटीस एका रविवारी दीड तासात आटोपले. व्हीएमवेअर या कंपनीचा भाग तिच्या मोफत ईएसएक्सआयवर (आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रणालीवर) होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतल्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये ती मोफत आवृत्ती बंद झाली होती आणि आम्हाला जुन्या डाउनलोडवर शिकवले गेले, त्याचा पत्ताही कोणी लागू दिला नाही.

नोकरीच्या बाबतीत ‘१०० टक्के प्लेसमेंट साहाय्य’ या शब्दांतील ‘साहाय्य’ बारीक अक्षरांत वाचावे. सात महिन्यांत मला पाच कॉल आले. दोन ठिकाणी स्वतःची दुचाकी असलेला फील्ड इंजिनिअर हवा होता, एकीकडे प्रत्यक्षात प्रिंटर विकायचे होते. सध्याचे काम, खराडीतल्या एका कंपनीच्या एनओसीमध्ये (नेटवर्कवर चोवीस तास लक्ष ठेवणाऱ्या कक्षात) एल-१, म्हणजे पहिल्या पातळीवरची कर्मचारी म्हणून, बॅचमधल्या मित्राने सांगितल्यामुळे मिळाले. मुलाखतीत विचारलेल्या सात प्रश्नांपैकी पाच नेटवर्किंगचे होते, एक लिनक्सचा आणि एक ‘रात्रपाळी चालेल का?’ हा.

या शेवटच्या प्रश्नावर क्लासच्या काउन्सेलरविषयी माझी स्पष्ट नाराजी आहे. आम्हा चार मुलींना त्यांनी ‘एनओसी मुलींचं काम नाही, टेस्टिंगकडे वळा’ असा सल्ला दिला होता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार स्त्री कर्मचाऱ्याच्या संमतीने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम देता येते आणि तिच्या सुरक्षिततेची व घरापर्यंतच्या वाहतुकीची जबाबदारी मालकावर असते. सल्ला द्यायचा तर हा नियम सांगावा, कंपनीला गाडीबद्दल काय विचारायचे ते सांगावे. चौघींपैकी तिघी आज रात्रपाळी करतो आणि गाडी दारात येते.

यातले किती पैसे न देता शिकता आले असते, याचा हिशोब मी नंतर केला. पॅकेट ट्रेसर मोफत आहे. रेड हॅट एका व्यक्तीला विकसक खात्यावर १६ यंत्रांपर्यंत आपली लिनक्स प्रणाली फुकट वापरू देते. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे पाठ खुले आहेत, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातले लिनक्सचे पाठ मराठीतही ऐकता येतात. क्लाउडचा भाग तर घरी शिकलेलाच बरा. ज्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी आहे त्यांनी आधी सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी. तिथल्या पदव्युत्तर पदविकांमध्ये पायाभूत यंत्रणा, प्रणाली व सुरक्षा यांचा पूर्णवेळ, सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. आमच्यासारख्या पदविकाधारकांना ती वाट बंद असते, म्हणून हे क्लास चालतात. घरी बसून न मिळणारी गोष्ट एकच होती : कोणीतरी जाणकाराने मुद्दाम बिघडवलेला रॅक आणि तो सुधारेपर्यंत मागे खुर्चीत बसून उत्तर न सांगणारा माणूस.

म्हणून नेटवर्किंग आणि लिनक्स हे दोनच भाग वेगळे देत असतील तर मी ते निःशंक घ्यायला सांगेन. आमच्या क्लासमध्ये त्यांचे मिळून ३८,००० रुपये अधिक कर पडत होते, हे मला संपूर्ण पॅकेजची पावती फाडल्यावर समजले. डेमो तासाला जाऊ नये, तो सर्वत्र चांगलाच असतो. एखाद्या मंगळवारी दुपारी पाचच्या सुमारास न सांगता लॅबमध्ये जावे. रॅकवर धूळ आहे का, कन्सोल केबल टेबलावर पडली आहे की कपाटात कुलूपबंद आहे, मुले स्विचशी झटत आहेत की मोबाइल पाहत आहेत, ते बघावे आणि नेटवर्किंग कोण शिकवणार, त्या शिक्षकाचे नाव पावतीवर लिहून मागावे. आमचे सर मार्चपासून आठवड्यातून एकच दिवस येतात, असे कळले आहे. वर्षभर कोणत्याही बॅचला पुन्हा बसण्याची मुभा शुल्कातच होती, त्यामुळे सुटी असेल त्या रविवारी मी अजून जाते. गेल्या वेळी त्यांनी नव्या मुलांना चहाला पाठवले आणि ट्रंकची यादी पुसण्याचे काम माझ्याकडे दिले.